भित्र्या ड्रॅगनचा दाखला

सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात, म्हणजे एनसीईआरटीच्या 'फर्स्ट फ्लाइट'मध्ये, एक ड्रॅगन राहतो. त्याचं नाव कस्टर्ड, आणि तो भित्रा आहे. ऑग्डेन नॅश या अमेरिकन विनोदी कवीने १९३६ मध्ये त्याची कथा पद्यात सांगितली, आणि आज महाराष्ट्रातल्या सीबीएसईच्या शाळांतली मुलंही ती वाचतात, तिच्यातल्या उपमा शोधून काढतात आणि शेवटी वहीत तात्पर्य लिहितात की खरं शौर्य संकटकाळीच कळतं, सबब बढाया मारू नयेत. हे तात्पर्य चुकीचं आहे असं कोणी म्हणणार नाही. उलट ते इतकं बरोबर आहे की त्यासाठी अमेरिकेहून ड्रॅगन मागवण्याची गरज नव्हती. 'गर्जेल तो पडेल काय' एवढ्यात आपल्या म्हणीने ते काम कधीच उरकून ठेवलं आहे. अडचण एवढीच की हे तात्पर्य कवितेत काही अंतरापर्यंत लागू पडतं आणि तिथेच दमून बसतं. कविता पुढे चालू राहते, आणि खरी गंमत त्या पुढच्या भागात आहे. माझं म्हणणं असं की नॅशने शौर्यावर लिहिलेलंच नाही. त्याने लिहिलं आहे शौर्याच्या दाखल्यावर, म्हणजे शूर कोण आणि भित्रा कोण हे चार जणांत कसं ठरतं, कोण ठरवतं, आणि एकदा ठरल्यावर कितीही पुरावा आणून दिला तरी त्यात दुरुस्ती का होत नाही, यावर.

गोष्ट अशी. बेलिंडा नावाची मुलगी एका छोट्या पांढऱ्या घरात राहते. तिच्याजवळ इंक नावाचं काळं मांजराचं पिल्लू आहे, ब्लिंक नावाचा करडा उंदीर आहे, मस्टर्ड नावाचा पिवळा कुत्रा आहे, एक लाल रंगाची छोटी गाडी आहे आणि कस्टर्ड आहे. मांजर आणि उंदीर ज्या घरात एका सुरात बोलतात, तिथली शौर्याची व्याख्या जरा निराळी असणार हे ओघानेच आलं. या मंडळींचं शौर्य कवी कसं सांगतो ते बघण्यासारखं आहे. बेलिंडाच्या धाडसासाठी तो पिंपभर अस्वलं आणतो, कुत्र्यासाठी खवळलेला वाघ आणतो, आणि मांजर-उंदराच्या जोडीबद्दल सांगतो की ती सिंहांना जिन्यावरून खाली पिटाळते. घरात सिंह आले कुठून, ते जिन्यावर काय करत होते, आणि ते खाली पळाले तेव्हा कोणी पाहिलं, हे विचारायचं नाही. थोडक्यात, या चौघांचं शौर्य सगळं उसनं आहे. अस्वलं उसनी, वाघ उसना आणि सिंह तर साक्षीदारांसकट बेपत्ता. आता कस्टर्डचं वर्णन बघा. त्याला मोठे तीक्ष्ण दात आहेत, पाठीवर काटे आहेत, पोटाखाली खवले आहेत, तोंड शेगडीसारखं धगधगतं, नाकाचं धुरांडं झालेलं, पायांच्या बोटांना कट्यारीच. इतरांचं वर्णन म्हणजे प्रशस्तिपत्र, आणि कस्टर्डचं वर्णन म्हणजे पोलिसांनी केलेला जप्तीचा पंचनामा. तरीही घरात शूर म्हणून ओळखले जातात ते चौघे आणि भित्रा म्हणून ओळखला जातो तो एकटा. कारण काय, तर तो तसं स्वतःच्या तोंडाने म्हणतो. त्याला एक चांगला, सुरक्षित पिंजरा हवा असतो, आणि तो मागतो, रडून मागतो. दाखला मिळवायला घरातल्या बाकीच्यांना जसं बोलणं पुरलं, तसंच तो घालवायला कस्टर्डला बोलणं पुरलं. आपल्याकडे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात असतो. बेलिंडाच्या घरी अस्वलं, वाघ आणि सिंहसुद्धा बोलाचेच असतात.

मग छळ सुरू होतो. बेलिंडा त्याला गुदगुल्या करते, बाकीचे त्याचं नाव बदलून पर्सिव्हल ठेवतात, त्याचं वय विचारतात. पर्सिव्हल हा आर्थर राजाच्या कथांमधला सरदार. युरोपातल्या जुन्या कथांत ड्रॅगनला मारणं हे सरदारांचं ठरलेलं काम, तेव्हा ड्रॅगनला सरदाराच्या नावाने हाक मारणं म्हणजे शेळीला खाटकाचं नाव ठेवण्यासारखं आहे. आणि अशी थट्टा ऐन रंगात आलेली असताना खिडकीतून एक समुद्री चाचा चढतो. चाचा पूर्ण गणवेशात आहे: काळी दाढी, एक लाकडी पाय, दोन्ही हातांत पिस्तुलं आणि दातांत सुरा. दोन्ही हात गुंतलेले आणि एक पाय लाकडाचा असताना हा गृहस्थ खिडकीपर्यंत चढला कसा, हा प्रश्न गिर्यारोहकांनी सोडवावा. घरात काय झालं ते मात्र कवीने नीट नोंदवलं आहे. बेलिंडाचा चेहरा पांढराफटक पडला आणि तिने मदतीसाठी टाहो फोडला. खवळलेल्या वाघाने केकाटत पळ काढला. सिंहांना पिटाळणाऱ्यांपैकी एक घराच्या तळाशी ओघळत गेलं आणि दुसऱ्याने बीळ गाठलं, तेही डावपेचाचा भाग म्हणून. राहिला कस्टर्ड. तो इंजिनासारखा फुसफुसत, शेपटी आपटत पुढे झाला, चाच्याने दोन गोळ्या झाडल्या, त्या लागल्या नाहीत, आणि कस्टर्डने त्याला गिळला. त्याआधी चाच्याने खिशातल्या बाटलीतून एक घोट घेतला होता, ही बारीक नोंद विसरू नये. दाढी, पिस्तुलं आणि सुरा हाही एक दाखलाच असतो, आणि तो बाळगणाऱ्यालाही प्रसंगी बाटलीचा आधार लागतो. त्या घरात दाखल्याप्रमाणे वागलेली वस्तू एकच, ती लाल गाडी. तिने बढाई मारली नव्हती आणि ती पळालीही नाही.

शाळेतलं तात्पर्य इथपर्यंत येऊन थांबतं. खरं म्हणजे कवितेचा खटला इथून सुरू होतो, कारण आता पुरावा सगळ्यांसमोर आहे, किंबहुना कस्टर्डच्या पोटात आहे. पहिली काही मिनिटं सगळं रीतसर होतं. बेलिंडा कस्टर्डला मिठी मारते, कुत्रा त्याला चाटतो, मांजर आणि उंदीर त्याच्याभोवती फेर धरतात. मग कुत्र्याला आठवतं की आपण गडबडून गेलो नसतो तर दुप्पट शौर्य दाखवलं असतं. मांजर आणि उंदीर लगेच तिपटीवर जातात. दुप्पट आणि तिप्पट कोणाच्या, हे सांगितलेलं नाही, पण त्या खोलीत तेव्हा मोजता येईल असं शौर्य एकाच्याच नावावर जमा होतं. म्हणजे नकळत या मंडळींनी कस्टर्डला शौर्याचं माप करून टाकलं. इंजिनाची ताकद जशी घोड्यांत मोजतात तसं यांचं धाडस यापुढे कस्टर्डांत मोजायचं. कुत्रा दोन कस्टर्डांचा, मांजर तीन कस्टर्डांचं. ते माप मात्र या सौद्यात रद्दीत जातं, कारण कस्टर्ड स्वतः मान डोलावून म्हणतो की खरं आहे, सगळेच माझ्यापेक्षा शूर आहेत. इथे नॅशचा पूर्वीचा धंदा उपयोगी पडलेला दिसतो. १९०२ साली जन्मलेला हा माणूस हार्वर्डमध्ये एक वर्ष काढून बाहेर पडला आणि कवी म्हणून नाव होण्याआधी न्यूयॉर्कमध्ये ट्रामगाड्यांतल्या जाहिरातींचा मजकूर लिहायचा. दुप्पट आणि तिप्पट ही भाषा मुळात जाहिरातीची. साबण कपडे दुप्पट उजळ करतो म्हणायचं, पण कशापेक्षा हे सांगायचं नसतं, हे त्याला व्यवहारातून ठाऊक होतं. त्याने ते मांजराच्या तोंडी घातलं आणि कुठेही टीका केली नाही, कारण टीका केली असती तर विनोद संपून बोधकथा सुरू झाली असती.

मराठी वाचकाला या कवितेचा खट्याळपणा नेमका कुठे आहे ते पोवाडा समोर ठेवला की पटकन कळेल. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधावर पोवाडा रचला, तुळशीदासाने तानाजीवर सिंहगडाचा पोवाडा रचला. दोन्ही ठिकाणी क्रम स्वच्छ आहे. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली काहीतरी घडलं, १६७० मध्ये कोंढाण्यावर काहीतरी घडलं, आणि मग शाहीर डफ घेऊन उभा राहिला. आधी करणी, मागून कीर्ती. पोवाडा हाही दाखलाच, पण तो काम झाल्यावर दिलेला, आणि तो देणारा शाहीर त्या कामातला भागीदार नाही. नॅशने कथागीताचा हाच साचा घेतला, घोळवून सांगायची तीच ढब घेतली, पण क्रम उलटा केला. इथे कीर्ती पहिल्या काही कडव्यांतच वाटून झाली आहे, आणि ज्यांना ती मिळाली त्यांनीच ती आपापसांत वाटली आहे. करणी त्यानंतर येते, आणि आल्यावर पाहते तर सगळ्या जागा भरलेल्या. म्हणून कवितेचा शेवट जसा आहे तसा आहे. चाचा पोटात गेल्यावर कवी सुरुवातीची कडवी जवळजवळ तशीच्या तशी पुन्हा म्हणतो: तेच पांढरं घर, तीच मंडळी, तीच अस्वलं, तेच सिंह, तोच वाघ, आणि पिंजऱ्यासाठी रडणारा तोच कस्टर्ड. गाण्यात पालुपद ताल धरण्यासाठी असतं. इथे ते निकाल वाचून दाखवण्यासाठी आहे, आणि निकाल असा की जैसे थे.

एवढा पुरावा डोळ्यांसमोर असताना कोणी तो नाकारेल का, अशी शंका येईल. तिचं उत्तर आपल्याकडे विराटपर्वात आहे. उत्तर नावाचा राजपुत्र अंतःपुरात बसून सांगतो की सारथी तेवढा मिळू दे, कौरवांना एकटा लोळवतो. बृहन्नडा सारथी होते, रथ रणांगणावर पोहोचतो, समोर भीष्म-द्रोणांची सेना दिसते आणि राजपुत्र रथातून उडी टाकून पळत सुटतो. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याला धरून आणतो, सारथी करतो आणि युद्ध जिंकतो. राजवाड्यात बातमी येते की विजय झाला. विराट राजा क्षणभरही न थांबता पोराच्या पराक्रमाचा गौरव सुरू करतो, आणि कंकाच्या वेषातला युधिष्ठिर जेव्हा सारखा बृहन्नडेचंच नाव घेतो तेव्हा राजा हातातला फासा त्याच्या तोंडावर फेकतो. नाकातून रक्त येतं. दाखल्याला आव्हान देणाऱ्याचं साधारण असंच होतं. पण महाभारताला न्यायाची चाड आहे. परत आल्यावर उत्तर स्वतः सांगतो की हे मी केलेलं नाही, एका देवपुत्राने केलं, आणि थोड्याच दिवसांत पांडव उघड होतात, हिशेब चुकता होतो. नॅशच्या घरात उत्तराचं काम करायला तीन जण आहेत, पण कबुली देणारा एकही नाही. बेलिंडाही गप्प आहे. तिने स्वतःसाठी दुपटी-तिपटीचा दावा केला नाही, हे तिच्या बाजूने नोंदवलं पाहिजे, पण दावे ऐकून ती बोललीही नाही. घराची मालकीण गप्प राहिली की दाखल्यावर सही झाली असं धरतात, बेलिंडाच्या घरातही आणि तुमच्या-आमच्या कचेऱ्यांतही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो वजनदार आहे. कस्टर्ड ड्रॅगन आहे. दात, नखं, काटे, खवले आणि आगीचं तोंड एवढं असल्यावर एका लंगड्या माणसाला खाण्यात शौर्य कसलं? कवीनेही ऐन चढाईच्या क्षणी त्याची तुलना किड्यावर झेपावणाऱ्या रॉबिन पक्ष्याशी केली आहे, आणि किडा टिपणाऱ्या पक्ष्याला आपण शूर म्हणत नाही, न्याहारीला बसलेला म्हणतो. पण हा आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. हे दात आणि ही नखं आदल्या दिवशीही त्याच्याजवळ होती आणि आदल्या दिवशीही तो घाबरत होता. सामग्रीने भीती गेली असती तर पिंजऱ्याची मागणी केव्हाच बंद झाली असती. गोळ्या लागणार नाहीत हे आपल्याला कविता वाचून कळतं. कस्टर्डने कविता वाचलेली नव्हती. शौर्य मोजायचं ते अंगावरच्या नखांनी नव्हे, मनातल्या भीतीने मोजायचं, आणि त्या हिशेबाने घरात भीतीचा साठा त्याच्याइतका कोणाकडेच नव्हता. अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात शौर्याला भेकडपणा आणि अविचारी धाडस यांच्या मधली जागा दिली आहे, आणि तिथेच त्याने एक निरीक्षण करून ठेवलं आहे: अविचारी माणूस संकट येण्याआधी त्याच्यासाठी उतावीळ असतो आणि आल्यावर मागे सरतो, तर शूर माणूस आधी शांत असतो आणि प्रसंगी तडफेने उभा राहतो. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा हा ग्रीक गृहस्थ बेलिंडाच्या दिवाणखान्यात बसून टिपणं घेत असावा असं वाटतं. कस्टर्डने त्याच्याही पुढे एक पाऊल टाकलं आहे. तो आधी शांत नसतो, चक्क रडतो. पण प्रसंगाच्या वेळी तो नेमका तिथेच असतो, आणि शौर्याच्या व्याख्येतला हाच भाग सगळ्यात दुर्मीळ आहे.

दुसरा आक्षेप मवाळ माणसांचा. ते म्हणतात, कस्टर्डचं शेवटचं बोलणं हा विनय आहे, फळांनी लगडलेली झाडं वाकतात तसा. किंवा जरा तिरकस स्वभावाचे म्हणतात, तो उपरोध आहे: पोट भरलेला ड्रॅगन मनातल्या मनात हसतो आहे. दोन्ही वाचनं गोड आहेत आणि दोन्ही पिंजऱ्यापाशी अडखळतात. विनयी माणूस कौतुक नाकारतो, पण रडत पिंजरा मागत नाही. उपरोध करणारा तर मुळीच मागत नाही. कस्टर्ड खरोखर घाबरलेला आहे, आणि नीट विचार केला तर त्याची भीती आता पूर्वीपेक्षा रास्त आहे. चाचा येण्याआधी ती नुसती शंका होती. आता तिला आधार आहे: या घराच्या खिडकीतून सशस्त्र माणसं येतात, आणि ती आल्यावर घरातले बाकीचे तळघरात सापडतात. एवढी माहिती हाती आल्यावर जो पिंजरा मागणार नाही त्याच्या अकलेबद्दल शंका घ्यावी. 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' अशी आपली म्हण आहे, पण ती रचणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माणसं होती. इथे भित्रा आणि राक्षस एकाच कातडीत राहतात, आणि राक्षसाला आपण राक्षस आहोत याचा पत्ता नाही, कारण घरातल्या कोणी त्याला तसं सांगितलंच नाही. लोक सांगतात तेवढंच आपण स्वतःला ओळखतो. शौर्याचा दाखला खोटा असला की मिरवणाऱ्याचं नुकसान होत नाही. भित्रेपणाचा दाखला खोटा असला तर तो ज्याच्या नावावर आहे तोच त्यावर विश्वास ठेवतो, आणि या सगळ्या प्रकरणातली खरी फसवणूक ती आहे.

मुलांच्या कवितेचा एवढा कीस कशाला, असंही कोणी म्हणेल. पण मुलांना हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. वर्गात दंगा कोणी केला हे बाईंनी विचारल्यावर नाव कोणाचं येतं, आणि कबड्डीत शेवटचा गडी उरून डाव राखणाऱ्याला दुसऱ्या दिवशी संघात कितव्या क्रमांकाने निवडतात, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. ही कविता त्यांना समजते, म्हणून ती हसतात. तात्पर्य मोठ्यांना लागतं, कारण दाखले देण्याचं काम मोठ्यांकडे असतं. संकट आल्यावर शौर्य कळतं, हे वाक्य मोठ्यांच्या सोयीचं आहे. त्यात असं गृहीत धरलेलं आहे की कळल्यावर कोणीतरी नोंद दुरुस्त करील. नॅशने ते गृहीतच काढून घेतलं, आणि शिवाय ते इतक्या खेळकर यमकांत काढून घेतलं की वाचणाऱ्याला खिसा कापला गेल्याचं जाणवत नाही. पुढे १९६१ मध्ये त्याने याच ड्रॅगनवर आणखी एक कथा लिहिली, आणि तिच्या नावातच एक दुष्ट सरदार आहे. म्हणजे पंचवीस वर्षांनीही त्या घराला कस्टर्डला सेवानिवृत्त करणं परवडलेलं नव्हतं.

आता राहिला प्रश्न की कस्टर्डने आपला हक्क मागायला हवा होता का. मागून मिळालं असतं काय? शूर हा दाखला मिळाला की त्याबरोबर रोजची कामं येतात. सिंहांच्या गोष्टी सांगाव्या लागतात, पिंपभर अस्वलांची बरोबरी राखावी लागते, आणि पुढच्या चाच्याच्या वेळी गडबडून गेलो होतो हे कारण निदान एकदा तरी वापरून टाकावं लागतं. भित्र्याकडून कोणी काही अपेक्षा करत नाही, त्यामुळे तो रात्री नीट झोपत नाही एवढीच काय ती गैरसोय, आणि राखणीच्या कामी नेमका तोच गुण लागतो. तेव्हा तात्पर्य हवंच असेल तर ते असं घ्यावं. सोसायटीच्या सभेत कोणी छातीवर हात मारून 'काही झालं तर आम्ही बघून घेऊ' म्हणालं, तर टाळ्या वाजवायला हरकत नाही, त्या फुकट असतात. पण रात्रीच्या पहाऱ्यासाठी माणूस निवडायचा असेल तर जो वारंवार खिडकीच्या गजांची चौकशी करतो त्याला शोधावं. आणि त्याने पिंजरा मागितलाच, तर तो त्याला चांगलासा करून द्यावा. फक्त त्याला कुलूप घालू नये.